एआय इमेज जनरेटरमधून हवं तसं चित्र कसं मिळवायचं? प्रॉम्प्ट आणि सेटिंग्जची सोपी माहिती

माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या पत्रिकेचं काम माझ्याकडे आलं. "तुला मोबाइलमधलं सगळं येतं, तूच कर," असं मामी म्हणाली. म्हटलं, एआयकडून नऊवारीतली नवरी काढून घेऊ, वर नावं टाकू, पंधरा मिनिटांत काम संपेल.

रात्री अकराला बसले आणि दीड वाजेपर्यंत साठेक चित्रं काढली. अ‍ॅपचे त्या दिवसाचे फुकट क्रेडिट्स संपले. त्यातल्या त्यात बरं चित्र सकाळी आजीला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही नवरी कुणाची? हिचा काष्टा कुठंय? आणि मुंडावळ्या?"

आजीचं बरोबर होतं. चित्र सुंदर होतं, पण नवरी आपली नव्हती. घागरा, कपाळावर मोठा टिक्का, नाकात भलीमोठी गोल रिंग. मी फक्त प्रॉम्प्ट बदलत बसले होते. खालच्या स्लायडरांना आणि आकड्यांना हातच लावला नव्हता. पुढचे चार दिवस मी तेच शिकले. ते सगळं या लेखात एका जागी देते आहे.

आधी समजून घ्या: हे चित्र तयार कसं होतं?

स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स कोऱ्या कागदावर चित्र काढत नाहीत. सुरुवातीला असतो नुसता नॉइज. जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की मुंग्या दिसायच्या ना, अगदी तसा. मॉडेल त्यातला थोडा नॉइज काढतं, पुन्हा बघतं, पुन्हा थोडा काढतं. असं वीस-तीस वेळा झालं की मुंग्यांमधून चेहरा, साडी, दागिने दिसायला लागतात. कुठल्या दिशेने साफ करायचं, हे तुमचा प्रॉम्प्ट सांगतो.

एवढं डोक्यात बसलं की प्रत्येक सेटिंगचा अर्थ आपोआप लागतो:

- सीड: सुरुवातीच्या मुंग्या कुठल्या.
- स्टेप्स: साफसफाई किती टप्प्यांत करायची.
- सीएफजी किंवा गायडन्स: तुमचा शब्द किती काटेकोरपणे पाळायचा.
- निगेटिव्ह प्रॉम्प्ट: कशापासून लांब राहायचं.
- साइज किंवा अ‍ॅस्पेक्ट रेशो: चित्राचा आकार.

आता एकेक बघू.

१. प्रॉम्प्ट: नाव सांगू नका, वर्णन करा

माझी पहिली चूक इथेच होती. मी लिहिलं होतं, "ब्यूटिफुल मराठी ब्राइड इन नऊवारी". मॉडेलला 'ब्राइड' कळलं, 'ब्यूटिफुल' कळलं. 'नऊवारी' मात्र फारसं कळलं नाही.

याचं कारण मॉडेल शिकलं कशावर, त्यात आहे. स्टेबल डिफ्यूजन २०२२च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याचं शिक्षण लायन-५बी नावाच्या संग्रहातल्या चित्रांवर झालं. या संग्रहात इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्र आणि मजकुराच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत. त्यातल्या साधारण २३२ कोटी इंग्रजी मजकुराच्या आहेत आणि मॉडेलचा मुख्य भर त्यांच्यावरच होता. ज्या फोटोखाली इंग्रजीत नुसतं 'इंडियन ब्राइड' लिहिलंय, त्यातून मॉडेल जे शिकलं तेच ते तुम्हाला काढून देतं. आपली नवरी त्या गर्दीत हरवते.

म्हणून जी वस्तू मॉडेलला नावाने ओळखता येत नाही, ती डोळ्यांना कशी दिसते ते लिहा. कधीच नऊवारी न पाहिलेल्या माणसाला फोनवर समजावून सांगताय असं समजा:

- नऊवारी: नऊ वारांची साडी, धोतरासारखी नेसलेली, कापड दोन्ही पायांच्या मधून मागे नेऊन खोचलेलं, पदर डाव्या खांद्यावर.
- नथ: डाव्या नाकपुडीत मोत्यांची, बाकदार, मध्ये लाल खडा.
- मुंडावळ्या: कपाळावर आडव्या बांधलेल्या मोत्यांच्या दोन सरी, दोन्ही कानांजवळून खाली लोंबणाऱ्या.
- चंद्रकोर: कपाळावर अर्ध्या चंद्राच्या आकाराचं लाल कुंकू.
- बांगड्या: हिरव्या काचेच्या, मनगटभर.

हे सगळं इंग्रजीत लिहिलं आणि पहिल्याच फेरीत मुंडावळ्या आल्या!

क्रमही महत्त्वाचा आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये प्रॉम्प्ट वाचायचं काम क्लिप नावाचा भाग करतो. तो एका वेळी ७७ टोकन घेतो. त्यातली दोन सुरुवात आणि शेवट दाखवण्यात जातात, म्हणजे तुमच्या वाट्याला ७५. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. त्यापुढचा मजकूर काही अ‍ॅप्स कापून टाकतात, काही त्याचा वेगळा गठ्ठा करून वाचतात. म्हणून महत्त्वाचं आधी लिहा. माझा क्रम असा असतो: कोण किंवा काय, काय घातलंय, काय करतंय, मागे काय आहे, उजेड कसा आहे, शेवटी चित्राची शैली.

मराठीत प्रॉम्प्ट लिहिला तर? जेमिनी किंवा चॅटजीपीटीसारख्या गप्पा मारणाऱ्या अ‍ॅप्समध्ये बिनधास्त लिहा, त्यांना मराठी समजतं. पण क्लिपवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये देवनागरी शब्दाचे अक्षरागणिक तुकडे पडतात, टोकन भराभर संपतात आणि अर्थही पोहोचत नाही. तिथे इंग्रजीच वापरा. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहून भाषांतर करून घ्या, त्यात लाज कसली!

२. सीड: सगळ्यात कामाची आणि सगळ्यात दुर्लक्षित सेटिंग

पत्ते पिसले की दर वेळी वेगळा क्रम येतो. सीड म्हणजे त्या पिसण्याला दिलेला नंबर. तोच नंबर दिला की पत्ते अगदी तसेच लागतात. अ‍ॅपमध्ये सीडच्या जागी 'रँडम' किंवा उणे एक असेल, तर प्रत्येक वेळी नवीन मुंग्या आणि म्हणून नवीन चित्र.

त्या रात्री माझं नेमकं हेच होत होतं. एका चित्रात चेहरा छान आला, फक्त साडीचा रंग बदलायचा होता. मी 'हिरवी' लिहून पुन्हा बटण दाबलं, तर आख्खी बाईच बदलली! आणि मी समजत होते की प्रॉम्प्ट चुकतोय.

आवडलेल्या चित्राचा सीड नंबर बघा आणि सीडच्या रकान्यात टाका. मॉडेल, साइज, स्टेप्स आणि बाकी सगळं तेच ठेवा. मग प्रॉम्प्टमधला एकच शब्द बदला. आता चित्राची मांडणी बरीचशी तीच राहील आणि त्या एका शब्दाने काय फरक पडला ते स्पष्ट दिसेल.

एक मेख लक्षात ठेवा: साइज बदलली की सुरुवातीच्या मुंग्याच बदलतात. मग सीड तोच असला तरी चित्र वेगळं येतं. म्हणून साइज सगळ्यात आधी ठरवा.

३. सीएफजी: शब्द किती पाळायचा

याचं पूर्ण नाव क्लासिफायर-फ्री गायडन्स. नाव अवघड, काम सोपं. प्रत्येक टप्प्यावर मॉडेल दोन अंदाज बांधतं: एक तुमचा प्रॉम्प्ट वाचून, दुसरा न वाचता. या दोन्हींतला फरक म्हणजे 'तुमच्या शब्दांमुळे काय बदलतं' ते. सीएफजीचा आकडा तो फरक किती पट करायचा ते ठरवतो.

- २-३: मॉडेल आपल्या मनाचं करतं. चित्र मऊ, पण मुंडावळ्या गायब होऊ शकतात.
- ५-८: स्टेबल डिफ्यूजनसाठी चांगली सुरुवात. अनेक अ‍ॅप्समध्ये ७ किंवा ७.५ आधीच भरलेलं असतं.
- १५च्या पुढे: रंग भडक, कडा जळल्यासारख्या, चेहरा प्लॅस्टिकचा.

'प्रॉम्प्ट ऐकत नाही' म्हणून हा स्लायडर थेट वीसवर नेऊ नका. मी नेला होता, नवरी हळदीऐवजी भगव्या ऑइलपेंटने माखल्यासारखी दिसायला लागली. जे मॉडेलला माहीतच नाही, ते जास्त जोर दिल्याने माहीत होत नाही.

फ्लक्ससारख्या काही मॉडेल्समध्ये गायडन्सची पट्टी वेगळी असते, तिथे साडेतीनच्या आसपास काम होतं. नवीन मॉडेल घेतलं की त्याचा मूळ आकडा बघा आणि तिथून सुरू करा.

४. निगेटिव्ह प्रॉम्प्ट: 'नको' कुठे लिहायचं

"घागरा नको" असं मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहिलं तर घागरा येण्याची शक्यता उलट वाढते. क्लिपला 'घागरा' ठळक ऐकू येतं, 'नको' मात्र जेमतेम. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तो म्हणजे निगेटिव्ह प्रॉम्प्ट. त्यात 'नो' लिहायचं नाही, फक्त वस्तूंची नावं: घागरा, दुपट्टा, मांगटिक्का, वॉटरमार्क, धूसर चेहरा.

हे चालतं कसं? वर सांगितलेल्या दोन अंदाजांपैकी जो 'प्रॉम्प्ट न वाचता' केलेला असतो, त्याच्या जागी हा निगेटिव्ह मजकूर बसतो. म्हणजे मॉडेल त्यापासून लांब सरकतं. म्हणूनच सीएफजी १ असेल तर निगेटिव्ह प्रॉम्प्टचा उपयोग शून्य. एसडीएक्सएल टर्बोसारखी झटपट मॉडेल्स गायडन्सशिवायच चालतात. तिथे रकाना दिसला तरी तो शोभेचाच.

इंटरनेटवरून शंभर शब्दांची निगेटिव्ह यादी कॉपी करू नका. आधी रिकामं ठेवून चित्र काढा आणि जे खरंच चुकीचं आलंय तेवढंच लिहा. माझी शेवटची यादी फक्त पाच शब्दांची होती.

५. स्टेप्स: जास्त म्हणजे चांगलं नाही

बहुतेक मॉडेल्सना २० ते ३० स्टेप्स पुरतात. दहाच्या खाली चित्र अर्धवट वाटतं. पन्नासच्या वर वेळ आणि क्रेडिट्स जातात, फरक भिंग घेऊन शोधावा लागतो. टर्बो प्रकारच्या मॉडेल्सना १ ते ४ स्टेप्सच लागतात. प्रयोग करताना २० ठेवा, शेवटच्या चित्राला ३० करा.

६. साइज आणि अ‍ॅस्पेक्ट रेशो

स्टेबल डिफ्यूजन १.५ हे मॉडेल ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या चित्रांवर तयार झालं, तर एसडीएक्सएल १०२४ बाय १०२४च्या आसपास. मॉडेलला सवय नसलेली लांबुळकी साइज दिली की ते जागा भरायला काहीतरी पुन्हा काढतं. १.५ मध्ये उभं मोठं चित्र मागितलं तेव्हा मला दोन डोक्यांची नवरी मिळाली होती. घरात सगळे हसले, मी सोडून.

- व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, रील: ९:१६. एसडीएक्सएलमध्ये ७६८ बाय १३४४ ही साइज जवळपास बसते.
- इन्स्टाग्राम पोस्ट: १:१ किंवा ४:५.
- यूट्यूब थंबनेल: १६:९.

मिडजर्नी वापरत असाल तर हेच काम प्रॉम्प्टच्या शेवटी लिहून करायचं: दोन डॅश, त्याला जोडून 'एआर', मग स्पेस आणि रेशो. आकडे आणि अक्षरं अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरून. तिथे 'सीड' आणि 'नको'साठी 'नो' असंच दोन डॅश देऊन लिहितात. 'स्टायलाइझ' ० ते १००० पर्यंत असतं, मूळ आकडा १००. तो वाढवला की चित्र देखणं होतं, पण तुमच्या शब्दांपासून दूर जातं. नथ-मुंडावळ्या नेमक्या हव्या असतील तर तो कमी ठेवा. 'केऑस' ० ते १०० असतं. एका फेरीतली चार चित्रं एकमेकांपेक्षा किती वेगळी हवीत, ते त्याने ठरतं.

७. शब्दांनी जमत नसेल तर फोटो द्या

इतकं करूनही काष्टा काही नीट येईना. तेव्हा एक गोष्ट पटली: सेटिंग्ज मॉडेलला वळवू शकतात, पण त्याने न पाहिलेलं दाखवू शकत नाहीत. ते आपल्यालाच दाखवावं लागतं.

यासाठी इमेज-टू-इमेज वापरतात. मी मावशीच्या लग्नाचा जुना फोटो घेतला, अर्थात तिला विचारून. इथे डिनॉइजिंग स्ट्रेंग्थ नावाचा स्लायडर महत्त्वाचा, ० ते १ पर्यंत. शून्यावर फोटो तसाच राहतो, एकवर फोटोचं जवळजवळ काहीच उरत नाही.

- ०.३: फोटो तोच, फक्त रंग-पोत बदलतो.
- ०.५ ते ०.६: नेसण, पदर, उभं राहणं टिकतं, चेहरा आणि शैली बदलते.
- ०.८च्या पुढे: फोटो नावापुरता.

मी ०.५५ वर थांबले. काष्टा आला, चेहरा मावशीचा राहिला नाही, आणि चित्र पाण्याच्या रंगांत रंगवल्यासारखं झालं.

आता चित्र पुन्हा आजीकडे नेलं. तिने परत चष्मा लावला. "छान आहे गं. पण नथ उजव्या नाकात घातलीय." डावं-उजवं या मॉडेल्सना हमखास चुकतं. आधी वाटलं, चित्र आडवं उलटवून टाकू. पण मग पदर उजव्या खांद्यावर गेला असता! इथे इनपेंटिंग कामाला आलं. नाकाचा भाग बोटाने रंगवून निवडायचा आणि तेवढ्यापुरता नवीन प्रॉम्प्ट द्यायचा. बाकी चित्राला धक्का लागत नाही. तिसऱ्या प्रयत्नात नथ जागेवर बसली.

माझी पद्धत, थोडक्यात

१. साइज ठरवा.
२. सीड रँडम, स्टेप्स २०, सीएफजी ७, निगेटिव्ह रिकामं. चार चित्रं काढा.
३. मांडणी आवडेल ते निवडा आणि सीड लिहून ठेवा.
४. सीड तोच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदला.
५. वस्तूच चुकत असेल तर फोटो द्या, छोटी चूक असेल तर इनपेंटिंग करा.
६. शेवटी स्टेप्स ३० करा आणि अपस्केल करा.
७. सगळे आकडे फोनच्या नोट्समध्ये ठेवा.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर चित्र कशामुळे सुधारलं तेच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

नेहमी पडणारे प्रश्न

माझ्या अ‍ॅपमध्ये सीड, सीएफजी काहीच दिसत नाही. काय करू?
गप्पांच्या अ‍ॅप्समध्ये हे आकडे सहसा दिसत नाहीत. तिथे शब्दांत सांगा: "बाकी सगळं तसंच ठेव, फक्त साडी हिरवी कर." एका वेळी एकच बदल हा नियम तिथेही चालतो.

चित्रातच मराठी नावं लिहून घेऊ का?
नको. जोडाक्षरं आणि वेलांट्या गडबडू शकतात. चित्रात वर रिकामी जागा ठेवा आणि नावं फोटो एडिटरमध्ये मराठी फॉन्टने टाका. पत्रिकेत नवरीचंच नाव चुकलं तर काय होईल, विचार करा.

घरच्यांचे फोटो अपलोड करणं सुरक्षित आहे का?
ज्याचा फोटो आहे त्याला आधी विचारा. अ‍ॅप फोटोचं काय करतं, ते त्याच्या प्रायव्हसी पानावर वाचा. अनोळखी अ‍ॅपवर लहान मुलांचे फोटो टाकूच नका. आणि कुणाचा चेहरा वापरून खोटा प्रसंग तयार करणं ही गंमत नाही, त्याने एखाद्याचं आयुष्य बिघडू शकतं.

फराळाच्या ऑर्डरसाठी एआयची चकली चालेल का?
मागची सजावट, दिवे, रांगोळी एआयची चालेल. चकलीचा फोटो मात्र तुमच्याच चकलीचा हवा. गिऱ्हाईक तीच बघून पैसे देतं.

शेवटी

पत्रिका गेली आणि मामी खूश झाली. पण माझ्या लक्षात राहिली ती आजी. सीड आणि सीएफजी तिला माहीत नाही, पण चित्रात काय चुकलं ते तिने एका नजरेत सांगितलं. सेटिंग्ज तुम्ही या लेखावरून शिकाल. काष्टा कसा असतो, नथ कुठल्या बाजूला असते, हे मात्र जाणणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं. चित्र पुढे पाठवायच्या आधी ते अशा एकाला नक्की दाखवा.